गुरुजींचा थांबलेला काटा

गुरुजींवर मी किती जळत होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे लिहीन त्यातलं किती खरं धरायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. माणूस डोळ्यांत खुपत असला की त्याच्या लकबी फार बारकाईनं लक्षात राहतात. माझ्या चांगल्या मित्रांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. पण गुरुजी प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर दोन्ही पाय वर घेऊन उकिडवे कसे बसायचे आणि त्या अवस्थेत सूक्ष्मदर्शकात कसे वाकायचे, हे मी आजही करून दाखवू शकतो.

गुरुजी म्हणजे आमचे शिक्षक नव्हेत. ते आमच्याच वर्गात विद्यार्थी होते. यवतमाळला आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र नुकतंच सुरू झालं होतं आणि बी.एस्सी.ला आम्ही अकरा जण होतो. दहा जण एकोणीस-वीस वर्षांचे, आणि अकरावे हे, बत्तिशीतले, दाट मिशीचे, दोन लेकरांचे बाप. बोरी अरबजवळच्या एका तांड्यावर त्यांचं घर होतं. तिथल्याच शाळेत ते मास्तर होते. इंटर सायन्सनंतर सुटलेलं शिक्षण पुरं करायला त्यांनी बिनपगारी रजा टाकली होती. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा नवे प्राध्यापक आले समजून आम्ही सगळे उभे राहिलो. "बसा, बसा," असं म्हणत ते मागच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हापासून ते गुरुजी.

मास्तरकी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. तास सुरू व्हायच्या आधी ते मागून आमची डोकी मोजायचे, तेही त्यांच्या घरच्या बोलीत, "एक, दी, तीन..." असं पुटपुटत. मग फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं 'पट ११, हजर ९' असं लिहून टाकायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सरही ते पुसत नसत. उलट हजेरीपट उघडायचा कंटाळा आला की सर त्या कोपऱ्याकडं बघून तोच आकडा उतरवून घेत. मी शाळेपासून वर्गाचा मॉनिटर. हे काम खरं तर माझं होतं.

सर म्हणजे आमच्या विषयाचे एकटे प्राध्यापक. मूळचे वनस्पतिशास्त्राचे, पुस्तकं मागवून मागवून स्वतः शिकत आम्हाला शिकवणारे. आम्हा दहा जणांना ते "अरे" म्हणायचे आणि गुरुजींना "अहो". वय जवळपास सारखं, तेव्हा दुसरं काय म्हणणार? पण त्या "अहो"नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी यवतमाळच्या नावाजलेल्या वकिलाचा मुलगा, मॅट्रिकपासून पहिला नंबर न सोडलेला, आणि "अरे, जरा खिडकी उघड" हे वाक्य माझ्या वाट्याला यायचं.

त्या वर्षी फिजिऑलॉजीचा पेपर होता. जीवाणू काय खातात, कसे वाढतात, कशानं थांबतात, असा सगळा विषय. पुस्तक इंग्रजी. मी ते पानंच्या पानं पाठ केलं होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली असती. गुरुजी मात्र शाळेतल्या मुलांसारख्या रेघांच्या वहीत प्रत्येक गोष्ट आपल्या भाषेत उतरवायचे. नव्या पाण्यात टाकलेले जीवाणू सुरुवातीला काही वेळ वाढतच नाहीत, मग एकदम दुपटीदुपटीनं वाढतात, मग थांबतात, हे सरांनी शिकवलं. त्यावर गुरुजींनी वहीत लिहिलं, "नवीन सून घरात आली का पहिले दोन दिवस कोनत्या डब्यात काय हाय तेच पाह्यते. मंग सैपाकाले लागली का थांबत नाई. घरातले दाने सरले का बसून राह्यते." सरांनी ती वही मागून घेतली आणि सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. वर्ग हसला, सर हसले, आणि मग सर म्हणाले, "हसू नका. यांना समजलंय. तुम्हाला पाठ झालंय." बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं. तरी नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

त्यांचा अ‍ॅप्रन हा एक वेगळाच प्रकार होता. बायकोनं घरी शिवलेला, आणि खिशाच्या काठाला तिनं दोन छोटे आरसे टाचलेले. सर म्हणाले, "अहो, अ‍ॅप्रन पांढरा असायला हवा." गुरुजी म्हणाले, "पांढराच हाय सर. पन बायको म्हने का कोरं फडकं घालून घराबाहेर जाऊ नका." अ‍ॅप्रन तसाच राहिला. उन्हाच्या वेळी गुरुजी हलले की आरशांचे दोन कवडसे छतावर हलायचे आणि माझं लक्ष जायचं.

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मात्र माझ्याकडं होती. सामान आणणं, रसायनं तोलणं, माध्यमं बनवणं, म्हणजे जीवाणूंचं खाणं तयार करणं, हे सगळं सरांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि त्या किल्लीचा मला फार अभिमान होता. फ्लास्कच्या तोंडाला बसवायच्या बोळ्यांसाठी मी औषधाच्या दुकानातून पांढराशुभ्र, मऊ कापूस आणला. बोळे देखणे झाले. पण जंतू मारायच्या वाफेच्या डब्यातून फ्लास्क बाहेर निघाले तेव्हा सगळे बोळे ओले गच्च, आणि दोन दिवसांत निम्म्या फ्लास्कमध्ये नको ते उगवलेलं. मी पुन्हा बोळे केले, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी गुरुजी पिशवीभर कापूस घेऊन आले. जिनिंगमधून नुसती सरकी काढलेला, पिवळट, कचरा असलेला.

"हा लाव बाबू," ते म्हणाले. "तुयावाला कापूस धुतेला हाय, थो पानी पिते. याच्या अंगाले त्याचं तेल हाय. हा नाई पीत."

बोळे कोरडे राहिले. सर हसत म्हणाले, "कापसाच्या जिल्ह्यात राहून हे मलाही सुचलं नाही." मीसुद्धा हसलो. घरी जाऊन जेवलो नाही. आईनं विचारलं तर म्हणालो, डोकं दुखतंय.

दुसरी गोष्ट त्यांच्या नाकाची. फ्लास्कचा बोळा काढून वास घ्यायचा नाही, हा नियम सरांनी पहिल्याच तासाला सांगितला होता. गुरुजी तो मोडायचे नाहीत, पण बोळा न काढताही लांबूनच नाक वर करून काही तरी सांगायचे. एकदा माझ्या फ्लास्कजवळून जाताना थांबले. "बाबू, हे बिघडलं. ओल्या पोत्यावानी वास येऊन राह्यला." मी चिडून म्हणालो, "गुरुजी, नाकानं सायन्स होत नाही." मग काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. माझ्या बारीक कांड्यांसारख्या जीवाणूंच्या गर्दीत भलतेच जाडजूड जीव फिरत होते. आठवड्याची मेहनत गेली. गुरुजींनी आपल्या डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा माझ्यापुढं सरकवून दिला. मला तो ठेचा त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. मग भूक लागली होती म्हणून खाल्ला.

आता मुद्द्यावर येतो. त्या काळी नागपूरला एम.एस्सी.ला जागा मोजक्या. आमच्या कॉलेजातून एकच नाव जाणार आणि ते सर देणार, हे वर्षाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. माझ्या घरी ते नाव माझंच धरून चाललं होतं. नागपूरच्या आत्यानं माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. गुरुजींचं मात्र निराळं होतं. नाव आलं तर रजा वाढून मिळणार होती. नाही आलं तर उन्हाळ्यानंतर शाळेवर हजर व्हायचं, आणि वयाच्या हिशेबानं पुन्हा सुटायची आशा नाही. हे त्यांनी स्वतःच मला एसटी स्टँडवर सांगितलं होतं. "बाबू, तुले दहा दरवाजे हायेत. मले एकच हाय." हे ऐकून मला दया यायला हवी होती. मला एवढंच कळलं की त्यांनाही ती जागा हवी आहे आणि सर ती त्यांना देतील.

सरांनी जाहीर केलं, जीवाणूंच्या वाढीचा आलेख प्रत्येकानं काढायचा, आणि त्यावरून मी ठरवीन. कलरीमीटर एकच होता. जीवाणू वाढले की पाणी गढूळ होतं आणि यंत्राचा काटा पुढं सरकतो. दर दहा मिनिटांनी नळी यंत्रात ठेवायची, काटा वाचायचा, आकडा लिहायचा. यंत्र एक म्हणून दिवसाला दोघंच. माझी आणि गुरुजींची जोडी शेवटच्या दिवशी आली.

माध्यम अर्थात मीच बनवलं. आदल्या दुपारी तोलताना ग्लुकोजची बाटली संपली. जेवढं हवं त्याच्या पाव हिस्सादेखील भरेना. नवी बाटली नागपूरहून यायला पंधरा दिवस लागले असते आणि माझ्या हातून सामान कमी पडलं हे सरांना कळलं असतं. कपाटात लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची, भरलेली बाटली होती. साखर ती साखर, असं म्हणून मी उरलेलं वजन तिनं भरून काढलं. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी नऊला आम्ही सुरू केलं. तासाभरानं दोघांच्याही नळ्यांवर काटा हलला, मग चांगला पळू लागला. साडेअकराच्या सुमाराला माझा काटा थांबला. मी नळी हलवली, पुसली, पुन्हा ठेवली. तोच आकडा. दहा मिनिटांनी तोच. वीस मिनिटांनी तोच. पुस्तकातली रेघ अशी मध्येच थांबत नव्हती. शेजारी गुरुजी स्टुलावर उकिडवे बसून आपल्या फ्लास्ककडं एकटक बघत होते.

"बाबू, माया काटा थांबला," ते हळूच म्हणाले. "तुया?"

"नाही," मी म्हणालो. "माझा चाललाय."

आणि मी वहीत आकडे लिहून टाकले, जे पुस्तकाप्रमाणं यायला हवे होते ते. पाऊण तासानं काटा आपोआप पुन्हा चालू लागला तेव्हा माझे खोटे आकडे आणि खरे आकडे जुळवून घ्यायला मला फार कसरत करावी लागली. गुरुजींनी एकच आकडा पाच वेळा एकाखाली एक लिहिला आणि शेजारी लिहिलं, "येथे जीव थांबले. कारण समजले नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांना बोलावलं. टेबलावर दोन आलेख होते. माझा गुळगुळीत, गुरुजींचा मध्ये पायरी पडलेला. सरांनी दोन्ही एकमेकांवर धरून बघितले. मग मला विचारलं, "अरे, एकाच भांड्यातलं माध्यम, एकच यंत्र. तुझा काटा थांबला नाही?"

"नाही, सर."

"माध्यमात काही कमीजास्त?"

"काहीच नाही. नेहमीचंच."

सर गुरुजींकडं वळले. "अहो, मग तुमचा का थांबला?"

गुरुजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "थांबला सर. थांबला म्हनून लिवला. काहून थांबला थे नाई सांगता येत मले."

सरांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या पुस्तकात ती पायरी नव्हती आणि माझ्या वहीतही नव्हती. त्यांनी माझं नाव पाठवलं. त्या दिवशी घरी पेढे वाटले गेले. गुरुजींनीही स्टँडवर माझ्या हातचा पेढा घेतला आणि "शिक बाप्पा चांगला" म्हणून ते बोरी अरबच्या गाडीत बसले. इतक्यानं माझा जळफळाट संपायला हवा होता. पण त्यांनी तो पेढा अगदी सहज खाल्ला, याचाच मला राग आला.

नागपूरला पहिल्याच वर्षी, पावसाळ्यानंतरच्या एका तासाला, आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर एक रेघ काढली. रेघ वर चढली, मध्ये आडवी झाली, पुन्हा वर चढली. गुरुजींच्या वहीतलीच पायरी. प्राध्यापक सांगू लागले की जीवाणूंपुढं दोन साखरा ठेवल्या, ग्लुकोज आणि लॅक्टोज, तर ते आधी ग्लुकोज संपवतात. तोवर दुसरीला तोंड लावत नाहीत. पहिली संपली की थांबतात, दुसरी पचवायची तयारी करतात, मग पुन्हा वाढतात. परदेशात यावर मोठमोठी माणसं काम करताहेत, असंही ते म्हणाले. वर्गातले सगळे लिहून घेत होते. मला कपाटातली ती लॅक्टोजची बाटली दिसत होती. माझ्या हातून चुकून एक खरी गोष्ट घडली होती, ती गुरुजींनी जशीच्या तशी लिहिली होती, आणि मी ती खोडून त्यांची जागा घेतली होती.

तांड्यावर जायला मला तीन महिने लागले. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या वेळेला मी बोरी अरबच्या अलीकडं उतरलो आणि तुरीच्या शेतांमधून चालत गेलो. काय बोलायचं ते गाडीत घोकून ठेवलं होतं. शाळा एका खोलीची. पोरं बाहेर पळाली आणि दारात गुरुजी दिसले, तीच मिशी, हाताला खडू.

"या बाबू! नागपूरचे पाव्हने!" ते ओरडले आणि घरी बायकोला चहा टाकायला सांगायला एका पोरीला पिटाळलं.

मी उभ्याउभ्याच म्हणालो, "गुरुजी, त्या दिवशी माझाही काटा थांबला होता."

"मालूम हाय," ते म्हणाले. "तू नळी पुसून पुसून ठेवत होता. मी पाह्यलं ना."

"मग सरांसमोर बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? तू सराचा लाडका. किल्ली तुयाजोळ. माया शब्द कोन धरते?" त्यांचा आवाज चढला. "लय राग आलता मले. महिनाभर तुया नावानं शिव्या देल्ल्या. याडी, म्हंजे माय, विचारे, कोन हाय थो मुडदा म्हने." मग ते फळ्याकडं वळून खडू झाडायला लागले. मी सरांचा लाडका होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी माफीच्या शब्दांकडं येत होतो, तेवढ्यात ते गर्रकन वळले. "थे जाऊ दे. दोघाचेबी थांबले म्हंजे हात नाई चुकला. मंग थांबले कायले? नागपुरात समजलं का तुले?"

मी सांगितलं. संपलेली बाटली, दुसरी साखर, मी केलेली भर, सगळं. माझ्या लबाडीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी फळ्यावरचे पाढे कोपरानं पुसले, ती पायरी काढली आणि तिच्या बाजूला उभे राहून मांडीवर हात मारत ते मोठ्यानं हसू लागले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. चहा घेऊन आलेल्या बायकोला त्यांच्या बोलीत भराभरा काहीतरी सांगितलं, तीही हसली. मी तो विषय पहिल्या वर्गात पास होत होतो, आणि असा आनंद मला त्यातून एकदाही झाला नव्हता. चहाचा कप हातात धरून मी त्यांच्याकडं बघत राहिलो आणि मला त्यांचा इतका हेवा वाटला की घोकून आणलेलं सगळं विसरलो.

"पन बाबू," ते एकदम गंभीर झाले, "पहिली साखर हाय तवर दुसरी खायाची नाई, हे त्यायले कोन सांगते? अन् दुसरी पचवाचं सामान त्यायच्या जोळ पहिलेपासून असते अन् झाकून ठेवते, का पहिली सरल्यावर नवं घडवते?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"मास्तरले विचारलं नाई?"

"नाही."

शिव्या दिल्याचं सांगतानाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. "त मंग," ते म्हणाले, "तिथी बसून तू करून काय राह्यला?"

माफी मागायची राहूनच गेली. सोमवारी नागपूरला पहिल्याच तासाला मी हात वर केला आणि गुरुजींचा प्रश्न विचारला, त्यांच्याच क्रमानं, फक्त इंग्रजीत. प्राध्यापक खडू खाली ठेवून माझ्याजवळ आले. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा पहिला विद्यार्थी भेटला, असं ते वर्गाला म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, हा तुला स्वतःला सुचला का?

"हो, सर," मी म्हणालो.